शेरलॉक होम्स आणि प्रताधिकार

शेरलॉक होम्स या काल्पनिक गुप्तहेराच्या व्यक्तिरेखेवरील प्रताधिकार हा रहस्यकथा आणि तिच्या पडद्यावरील रूपांतरांच्या इतिहासातील सर्वाधिक काळ चाललेल्या वादांपैकी एक आहे. सर आर्थर कॉनन डॉयल (२२ मे १८५९ – ७ जुलै १९३०) यांनी १८८७ ते १९२७ या चाळीस वर्षांत होम्सच्या चार कादंबऱ्या व छप्पन्न लघुकथा प्रसिद्ध केल्या. भारतात या साहित्यावरील प्रताधिकार १९८० च्या अखेरीस संपला, ब्रिटनमध्ये २००० च्या अखेरीस संपला. अमेरिकेत मात्र शेवटच्या कथा १ जानेवारी २०२३ रोजी मुक्त झाल्या. दरम्यानच्या काळात अमेरिकी न्यायालयांपुढे एक मूलभूत प्रश्न आला. एखादी व्यक्तिरेखा अनेक कथांमधून थोडी थोडी घडत गेली असेल आणि त्यांतील बहुतेक कथा मुक्त झाल्या असतील, तर ती व्यक्तिरेखा मुक्त मानायची, की शेवटची कथा मुक्त होईपर्यंत ती वारसदारांच्या ताब्यात राहते?

डॉयल यांच्या हयातीतील व्यवहार

होम्सची पहिली कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' १८८७ मध्ये 'बीटन्स ख्रिसमस ॲन्युअल' या वार्षिकात छापली गेली. तिचे सर्व हक्क वॉर्ड लॉक या प्रकाशनसंस्थेने अवघ्या २५ पौंडांना विकत घेतले. विक्रीवर हिस्सा मिळावा ही डॉयल यांची मागणी मान्य झाली नाही. जुलै १८९१ पासून 'द स्ट्रँड मॅगझिन' या मासिकात लघुकथा येऊ लागल्या आणि चित्र पालटले. डिसेंबर १८९३ मध्ये 'द फायनल प्रॉब्लेम' या कथेत डॉयल यांनी होम्सला रायखेनबाखच्या धबधब्यात लोटून दिले. वाचकांच्या व प्रकाशकांच्या आग्रहामुळे १९०३ मध्ये त्याला पुन्हा जिवंत करावे लागले.

आपल्या नायकाचे इतरांनी काय करावे याविषयी डॉयल प्रारंभी उदासीन होते. अमेरिकी नट विल्यम जिलेट यांनी १८९९ च्या नाटकासाठी होम्सचे लग्न लावले तर चालेल का, अशी विचारणा केली. त्याचे लग्न लावा, त्याला ठार मारा, हवे ते करा, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. फ्रेंच लेखक मॉरिस लब्लाँ यांच्या वाट्याला मात्र ही उदारता आली नाही. १९०६ च्या एका कथेत लब्लाँ यांनी आपला चोर-नायक आर्सेन ल्युपाँ याच्यासमोर होम्सला उभे केले. आक्षेप आल्यावर त्यांनी अक्षरांची अदलाबदल करून 'हर्लॉक शोल्मेस' असे नाव दिले व तेच पात्र पुढे वापरले. कायद्यातून काढलेली ही पळवाट आजही वाचकांना गमतीची वाटते. चित्रपटांच्या बाबतीत डॉयल यांना अधिक मोठा फटका बसला. मूकपटांसाठी थोड्या रकमेत विकलेले हक्क आपल्याला नेमक्या दहापट किमतीला परत घ्यावे लागले, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदविले आहे.

प्रताधिकाराच्या मुदती

ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षे प्रताधिकार असे. त्यानुसार डॉयल यांचे सर्व साहित्य १ जानेवारी १९८१ रोजी मुक्त झाले. युरोपीय संघाच्या निर्देशानुसार १९९६ मध्ये ही मुदत सत्तर वर्षे झाली आणि एकदा मुक्त झालेला होम्स पुन्हा प्रताधिकाराखाली आला. हा दुसरा कालखंड २००० च्या अखेरीस संपला.

अमेरिकेत जुन्या साहित्याची मुदत लेखकाच्या मृत्यूवरून न मोजता प्रकाशनाच्या वर्षावरून मोजली जाते. ती पूर्वी ७५ वर्षे होती. त्यामुळे १९२२ पर्यंत प्रसिद्ध झालेले सर्व साहित्य १९९७ अखेर मुक्त झाले. १९२३ चे साहित्य मुक्त होण्यास काही महिनेच उरले असताना, ऑक्टोबर १९९८ मध्ये, काँग्रेसने मुदत २० वर्षांनी वाढवून ९५ वर्षे केली. याचा परिणाम होम्सवर विचित्र झाला. चारही कादंबऱ्या व ४६ कथा मुक्त झाल्या; 'द केस-बुक ऑफ शेरलॉक होम्स' या अखेरच्या संग्रहातील दहा कथा, ज्या १९२३ ते १९२७ दरम्यान आल्या होत्या, प्रताधिकाराखाली राहिल्या. होम्सची तर्कपद्धती, बेकर स्ट्रीटवरील घर, डॉ. वॉटसनची सोबत, प्रोफेसर मोरिआर्टीशी वैर हे सारे मुक्त भागात होते. वॉटसन तरुणपणी रग्बी खेळत असे यासारखे तपशील उरलेल्या दहा कथांतून येतात.

वारसदारांची संस्था, कॉनन डॉयल इस्टेट, या दहा कथांच्या आधारे संपूर्ण व्यक्तिरेखेवर हक्क सांगत असे आणि अमेरिकेतील प्रकाशक व निर्माते परवाना शुल्क देऊन मोकळे होत. शुल्काची रक्कम न्यायालयीन लढाईच्या खर्चापेक्षा पुष्कळ कमी असल्याने भांडण्यात कोणालाच फायदा दिसत नव्हता.

क्लिंगर खटला

लेस्ली क्लिंगर हे लॉस एंजेलिसमधील वकील असून होम्सकथांच्या सटीप आवृत्तीचे संपादक म्हणून ओळखले जातात. त्यांनी लॉरी किंग यांच्यासह समकालीन लेखकांनी लिहिलेल्या नव्या होम्सकथांचा संग्रह २०११ मध्ये संपादित केला. तेव्हा प्रकाशक रँडम हाउसने इस्टेटला ५,००० डॉलर दिले. दुसऱ्या संग्रहाच्या वेळी नवा प्रकाशक पेगासस याच्याकडेही शुल्क मागण्यात आले आणि परवाना न घेतल्यास ॲमेझॉन व बार्न्स अँड नोबल यांसारख्या विक्रेत्यांकडे पुस्तकाची विक्री होऊ देणार नाही, असा इशारा देण्यात आला. प्रकाशकाने माघार घेतली. क्लिंगर यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये इलिनॉय राज्यातील संघीय न्यायालयात दावा लावला. त्यांनी दहा कथांवरील प्रताधिकार नाकारला नव्हता. मुक्त कथांतील घटक विनापरवाना वापरता येतात, एवढेच न्यायालयाने जाहीर करावे, अशी त्यांची मागणी होती.

इस्टेटचा युक्तिवाद साहित्यसमीक्षेतून घेतलेला होता. ई. एम. फॉर्स्टर यांनी कादंबरीतील पात्रांचे 'सपाट' आणि 'गोलाकार' असे दोन प्रकार सांगितले आहेत. होम्स हे गोलाकार पात्र आहे, ते शेवटच्या कथेपर्यंत विकसित होत राहिले, म्हणून अर्धवट होम्स मुक्त होऊ शकत नाही, असे इस्टेटचे म्हणणे होते. डिसेंबर २०१३ मध्ये न्यायाधीश रुबेन कॅस्टिलो यांनी क्लिंगर यांच्या बाजूने निर्णय दिला. १६ जून २०१४ रोजी सातव्या विभागाच्या अपील न्यायालयाने तो कायम केला. न्यायाधीश रिचर्ड पोस्नर यांच्या निकालपत्रानुसार, नंतरच्या कथांतील भर ही केवळ त्या कथांपुरती संरक्षित असते. तिच्यामुळे आधीच्या कथांचा संपलेला प्रताधिकार पुन्हा सुरू होत नाही. इस्टेटचे म्हणणे मान्य केल्यास होम्सला १८८७ ते २०२२ असे १३५ वर्षांचे संरक्षण मिळेल, हे त्यांनी दाखवून दिले. शिवाय लेखक नवे पात्र निर्माण करण्यापेक्षा जुन्याच पात्रात अधूनमधून भर घालत राहतील, हा धोका वेगळाच.

ऑगस्ट २०१४ मधील दुसऱ्या आदेशात न्यायालयाने क्लिंगर यांना अपिलातील वकिलाच्या खर्चापोटी ३०,६७९.९३ डॉलर मंजूर केले. इस्टेटची शुल्क वसूल करण्याची पद्धत हा खंडणीचाच एक प्रकार असल्याचे सांगून, अशा प्रथेला आव्हान देणे ही लोकसेवा आहे असे मत पोस्नर यांनी नोंदविले. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये इस्टेटचा अर्ज फेटाळला. त्याच महिन्यात वादातील संग्रह प्रसिद्ध झाला.

भावनांचा प्रताधिकार: एनोला होम्स

क्लिंगर निकालाने दहा कथांतील 'भर' सुरक्षित राहिली होती आणि पुढील वाद नेमके तेथेच उद्भवले. वृद्ध होम्सवरील 'मिस्टर होम्स' (२०१५) या चित्रपटाविरुद्ध न्यू मेक्सिकोत लावलेला दावा न्यायालयाबाहेर मिटला.

नॅन्सी स्प्रिंगर यांनी २००६ पासून लिहिलेल्या कादंबरीमालेत एनोला ही होम्सची धाकटी बहीण आहे. डॉयल यांच्या कथांत अशी बहीण नाही. या मालेवर आधारित 'एनोला होम्स' हा चित्रपट २३ सप्टेंबर २०२० रोजी नेटफ्लिक्सवर आला. त्याआधी, जूनमध्ये, इस्टेटने स्प्रिंगर, त्यांचे प्रकाशक, लेजंडरी पिक्चर्स व नेटफ्लिक्स यांच्याविरुद्ध दावा दाखल केला. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस डॉयल यांचा मुलगा किंग्जली व भाऊ इन्स यांचा मृत्यू झाला. या दुःखानंतर लिहिलेल्या कथांतच होम्स प्रथम माणुसकीने वागू लागतो, मैत्री व्यक्त करतो, स्त्रियांविषयी आदर दाखवतो, असे दाव्यात म्हटले होते. म्हणजे थंड, यंत्रवत होम्स सर्वांचा, पण मायाळू होम्स मात्र इस्टेटचा, असा या मांडणीचा अर्थ होत होता.

ही मांडणी साहित्यदृष्ट्याही कच्ची होती. वॉटसनविषयीची काळजी आणि पीडित स्त्रियांविषयीची कणव पूर्वीच्या कथांत विरळ असली तरी आढळते. होम्सच्या भावनेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण, वॉटसनला गोळी लागल्यावर तो हेलावतो तो प्रसंग, 'द थ्री गॅरिडेब्ज' या कथेत आहे. ती १९२४ मध्ये प्रथम छापली गेल्याने चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ती अमेरिकेतही मुक्त झालेली होती. स्वभावातील सौजन्य ही 'अभिव्यक्ती' मानावी, की कोणीही वापरू शकेल अशी सर्वसाधारण कल्पना, याचा निर्णय न्यायालयाला द्यावा लागला नाही. डिसेंबर २०२० मध्ये दावा संमतीने निकाली निघाला. चित्रपटाचा दुसरा भाग २०२२ मध्ये आला.

भारत आणि मराठी

भारतीय प्रताधिकार अधिनियम १९५७ मध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांची मुदत होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्यावरील मुदत संपत आली असताना ती साठ वर्षे करण्यात आली. डॉयल यांचे साहित्य त्यापूर्वीच मुक्त झाले असल्याने ही वाढ त्याला लागू झाली नाही. यातून एक विसंगती निर्माण झाली आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ मध्ये निर्माण केलेला ब्योमकेश बक्शी होम्सच्या परंपरेतला मानला जातो. लेखकाचे निधन १९७० मध्ये झाल्याने तो भारतात २०३० च्या अखेरपर्यंत प्रताधिकाराखाली आहे. खुद्द होम्सचे भारतीय रूपांतर करण्यास मात्र कोणाची परवानगी लागत नाही. १९९० च्या दशकातील बंगालमध्ये घडणारी आणि के के मेनन यांची प्रमुख भूमिका असलेली 'शेखर होम' (२०२४) ही हिंदी मालिका याचे उदाहरण होय.

मराठीत भालबा केळकर यांच्यासह अनेकांनी होम्सकथांचे अनुवाद केले आहेत. मूळ कथा मुक्त झाली म्हणजे तिचा अनुवादही मुक्त झाला, हा समज चुकीचा आहे. अनुवाद ही कायद्याने स्वतंत्र कृती असून तिची मुदत अनुवादकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालते. इंग्रजी कथेवरून नवा मराठी अनुवाद कोणीही करू शकतो. दुसऱ्याचा अनुवाद मात्र परवानगीविना छापता किंवा महाजालावर चढवता येत नाही.

होम्सकथांच्या साच्याचा प्रश्न निराळा आहे. कुशाग्र गुप्तहेर आणि त्याचा सरळमार्गी सहकारी ही जोडी बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजय-छोटू कथांतही दिसते. अशा साच्यावर प्रताधिकार नसतो. कल्पना, विषय वा कथासूत्र यांवर कोणाची मालकी नसून केवळ त्यांच्या मांडणीला संरक्षण मिळते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) या खटल्यात स्पष्ट केले.

२०२३ नंतरची स्थिती

'केस-बुक'मधील अखेरच्या दोन कथा १ जानेवारी २०२३ रोजी मुक्त झाल्या व अमेरिकेतील मूळ वाद संपला. 'वॉटसन' आणि 'शेरलॉक अँड डॉटर' या अमेरिकी प्रेक्षकांसमोर आलेल्या मालिका २०२५ मधील आहेत. इस्टेट आता मुख्यतः व्यापारचिन्हाचा आधार घेते. व्यापारचिन्ह वस्तू कोणाकडून आली हे सांगण्यासाठी असते; त्याचा वापर करून संपलेला प्रताधिकार लांबवता येत नाही, असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने २००३ च्या डास्टार खटल्यात म्हटले आहे.

मुक्त आहेत त्या डॉयल यांच्या कथा. त्यांवरील अलीकडच्या कलाकृती नव्हेत. बीबीसीच्या 'शेरलॉक' (२०१०–२०१७) मालिकेतील संवाद, नवी पात्रे आणि प्रसंग त्या निर्मात्यांचेच आहेत. होम्सची सर्वपरिचित टोपी मात्र निर्धास्तपणे वापरता येते: ती चित्रकार सिडनी पॅजेट यांनी रूढ केली व त्यांचे निधन १९०८ मध्येच झाले.

होम्सनंतर हाच क्रम ॲगाथा ख्रिस्ती यांच्या पात्रांच्या बाबतीत सुरू झाला आहे. अमेरिकेत 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' (१९२६) २०२२ मध्ये आणि मिस मार्पलची पहिली कादंबरी 'द मर्डर ॲट द व्हिकरेज' (१९३०) १ जानेवारी २०२६ रोजी मुक्त झाली. ख्रिस्ती यांचे निधन १९७६ मध्ये झाल्याने त्यांचे साहित्य भारतात २०३६ अखेर, तर ब्रिटनमध्ये २०४६ अखेर मुक्त होईल. अमेरिकेत एर्क्यूल पॉयरोच्या मृत्यूची कथा सांगणारी 'कर्टन' (१९७५) ही कादंबरी सध्याच्या कायद्यानुसार १ जानेवारी २०७१ पर्यंत संरक्षित आहे.