शासकीय निधीवरील ऑनलाइन शाळा आणि किशोरवयीनांचे गृहशिक्षण : अमेरिकेतील अनुभव

प्रस्तावना :

पालकांनी स्वखर्चाने आणि स्वतःच्या जबाबदारीवर पाल्यास घरी दिलेले शिक्षण म्हणजे गृहशिक्षण, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेत गेल्या पंचवीस वर्षांत या समजाला छेद देणारी एक व्यवस्था रूढ झाली. तीत विद्यार्थी घरी बसूनच शिकतो. मात्र त्याचा अभ्यासक्रम, शिक्षक आणि बहुधा संगणकही सार्वजनिक निधीतून पुरविला जातो. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ही व्यवस्था कशी चालते आणि शाळेची कोणती जबाबदारी तिच्यामुळे घराकडे सरकते, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कायदेशीर स्वरूप :

या शाळांचे मूळ ‘चार्टर’ शाळांच्या संकल्पनेत आहे. शासकीय निधी घेणारी, शुल्क न आकारणारी, परंतु स्वतंत्र व्यवस्थापन असणारी शाळा म्हणजे चार्टर शाळा. यासंबंधीचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला. पेनसिल्व्हेनियाने २००२ मध्ये ऑनलाइन चार्टर शाळांसाठी स्वतंत्र तरतूद केली. विद्यार्थी ज्या स्थानिक शाळा-जिल्ह्यात राहतो, त्या जिल्ह्याने त्याच्यापोटी ऑनलाइन शाळेस रक्कम द्यावयाची, अशी तेथील रचना आहे.

येथे एक भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. याच राज्यात १९८८ पासून गृहशिक्षणाचा वेगळा कायदा अस्तित्वात आहे. त्यानुसार पालक प्रतिज्ञापत्र देतात, पाल्याच्या कामाची संचिका ठेवतात आणि पात्र मूल्यमापकाकडून वार्षिक मूल्यमापन करून घेतात. काय व कसे शिकवावे, याचे बरेचसे स्वातंत्र्य त्यांच्याकडे असते. ऑनलाइन चार्टर शाळेतील विद्यार्थी मात्र कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक शाळेचाच विद्यार्थी असतो. राज्यस्तरीय चाचण्या, हजेरी आणि ठरलेला अभ्यासक्रम त्याला लागू असतात. त्याबरोबरच विशेष गरजा असणाऱ्या विद्यार्थ्याचे संघराज्याच्या कायद्याने मिळालेले हक्कही अबाधित राहतात. दोन्ही घरांतील दृश्य सारखेच भासले, तरी उत्तरदायित्वाची रचना भिन्न असते.

घरातील शाळा :

आजारपण, सहाध्यायांकडून होणारा छळ, क्रीडा-प्रशिक्षण, मागे राहिलेले विषय अशा विविध कारणांनी किशोरवयीन विद्यार्थी या शाळांकडे वळतात. प्रवेशानंतर घरातील एका प्रौढ व्यक्तीकडे, बहुधा आई किंवा वडिलांकडे, अध्ययन-साहाय्यकाची भूमिका येते. मुलाला वेळेवर संगणकासमोर बसविणे, राहिलेले स्वाध्याय पूर्ण करून घेणे आणि शिक्षकांशी संपर्क ठेवणे ही कामे या व्यक्तीची असतात. प्राथमिक वर्गांत हे साहाय्य गृहीतच धरलेले असते. माध्यमिक स्तरावर विद्यार्थी स्वयंशिस्तीने अभ्यास करील, अशी अपेक्षा असते. परंतु ही स्वयंशिस्त त्या वयात घडत असते, पूर्णपणे घडलेली नसते. नोकरी करणाऱ्या पालकाच्या घरी ही उणीव कोणी भरून काढावयाची, हा कळीचा प्रश्न आहे.

हजेरीचा अर्थ :

वर्गात हजेरी म्हणजे उपस्थिती. ऑनलाइन शाळेत तिचा अर्थ काय? ओहायो राज्यात २००० मध्ये सुरू झालेल्या ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो’ या शाळेच्या उदाहरणाने हा प्रश्न ऐरणीवर आला. २०१५-१६ या वर्षासाठी शाळेने सुमारे १५,३०० विद्यार्थ्यांचा निधी घेतला होता. राज्याच्या तपासणीत केवळ सुमारे ६,३०० पूर्णवेळ विद्यार्थ्यांइतक्याच सहभागाचा पुरावा मिळाला. सुमारे ६ कोटी डॉलर परत करण्याचा आदेश झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये, सत्राच्या मध्यावरच, शाळा बंद पडली. सुमारे १२,००० विद्यार्थ्यांना ऐनवेळी दुसरी शाळा शोधावी लागली. नोंदणीवर निधी द्यावा की अध्ययनावर, हा त्यातील मूळ वाद होता.

याउलट, १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल’चा निधी अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण होण्याशी जोडण्यात आला. पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये, प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून किमान एकदा प्रत्यक्ष वा पडद्यावर पाहून त्याच्याशी संवाद साधण्याचे बंधन ऑनलाइन शाळांवर घातले. मूल डोळ्यांनी दिसावे, यासाठी कायदा करावा लागला, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

अध्ययनाची निष्पत्ती :

स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘क्रेडो’ या संशोधन केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, पूर्णवेळ ऑनलाइन चार्टर शाळांतील विद्यार्थ्यांची प्रगती समान पार्श्वभूमीच्या इतर विद्यार्थ्यांपेक्षा वाचनात सुमारे ७२ आणि गणितात सुमारे १८० अध्ययन-दिवसांनी कमी होती. तेथील शैक्षणिक वर्षच १८० दिवसांचे धरले जाते. त्याच वर्षी ‘मॅथेमॅटिका’ या संस्थेने याचा एक धागा दाखविला : नेहमीच्या शाळेत एका दिवसात शिक्षकांचा जेवढा थेट सहवास मिळतो, तेवढाही या शाळांत आठवडाभरात मिळत नाही. अर्थात, यातील अनेक मुले आधीच्या शाळेत दुखावून आलेली असतात. आकडेवारीत ते दुखणे पूर्णपणे मोजले जात नाही. छळातून सुटलेल्या मुलासाठी घरातील शांत खोली हीच मोठी प्राप्ती असू शकते.

आपल्यासाठी बोध :

आपल्याकडे मुक्त विद्यालयाचा मार्ग १९७९ पासून उपलब्ध असून आजची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था ही त्याचीच परिणती होय. २०२२ मध्ये दिल्ली शासनाने नववी ते बारावीसाठी आभासी शाळाही सुरू केली. २०२०-२१ मधील ऑनलाइन तासिकांत पडद्यावर नावे दिसत, विद्यार्थी दिसत नसत, हा अनुभव प्राध्यापकांना नवा नाही.

निष्कर्ष :

सार्वजनिक निधी अभ्यासक्रम, यंत्र आणि शिक्षकाचे वेतन पुरवू शकतो. मुलाशेजारी बसणारा माणूस तो आपोआप पुरवीत नाही. ज्या घरी असा माणूस आहे तेथे ही व्यवस्था वरदान ठरू शकते आणि जेथे नाही तेथे ती शाळेच्या अनुपस्थितीलाच शाळेचे नाव देते. म्हणून अशा शाळेचे मूल्यमापन करताना नोंदणीच्या आकड्याआधी, मुलाशी आज कोण बोलले, हे विचारणे अगत्याचे आहे.