हरता हरता शिकवणारा खेळ

घराघरांतून सध्या एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलगा तासन् तास मारामारीचा खेळ खेळत बसतो. पडद्यावर दोघे एकमेकांना लाथाबुक्क्या घालतात आणि हा बटणे दाबत राहतो. आईला वाटते, पोरगे हाताबाहेर चालले. वडिलांना परीक्षेची काळजी. पंचशील घेणाऱ्या घरात हा मारझोडीचा धडा कशाला, असेही काही ज्येष्ठ उपासक विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. तोच मार्ग धरून आम्ही या खेळाची माहिती करून घेतली. तीत एक गोष्ट अशी सापडली की ती समाजातील प्रत्येक आईबापापुढे ठेवावीशी वाटते. या खेळात नवखा मुलगा शिकतो तो हरून, आणि ज्याने हरवले त्यालाच विचारून.

खेळ आहे तरी कोणता?

या खेळांना फायटिंग गेम म्हणतात. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९८७ साली ‘स्ट्रीट फायटर’ काढला आणि १९९१ साली त्याच्या दुसऱ्या भागाने जगभर धुमाकूळ घातला. १९९४ साली नामको या जपानी कंपनीचा ‘टेक्कन’ आला. समोरासमोर दोन खेळाडू, प्रत्येकाच्या ताब्यात एक पात्र, वर दोघांच्या ताकदीची पट्टी. ज्याची पट्टी आधी संपेल तो हरला.

जपान-अमेरिकेत हा खेळ सार्वजनिक यंत्रांवर वाढला. नाणे टाकायचे आणि उभे राहायचे. हरणारा बाजूला होई, जिंकणारा तिथेच राही, मागे रांग लागलेली. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्लीबोळांतील व्हिडिओ गेम पार्लरांतही हेच दृश्य होते. आज चाळिशी ओलांडलेल्या आमच्या अनेक बांधवांनी शाळा बुडवून तिथे नाणी उडवली असतील. यंत्र नाण्याखेरीज काही विचारत नसे. आडनाव तर नाहीच नाही.

आता सामने घरच्या पडद्यावर आणि नेटवरून होतात. मोठ्या स्पर्धाही भरतात. ‘इव्हो’ ही त्यांतील सर्वांत मानाची स्पर्धा. १९९६ साली कॅलिफोर्नियात ती लहान प्रमाणात सुरू झाली आणि २००२ पासून इव्हो या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे वैशिष्ट्य असे की प्रवेश फी भरणारा कोणीही तिच्यात उतरू शकतो. काल खेळ शिकलेला मुलगा आणि जगज्जेता यांची गाठ पहिल्याच फेरीत पडू शकते. एकदा हरला म्हणून कोणी बाहेर जात नाही. दोनदा हरला तरच जातो.

नवखा काय करतो?

नवखा दिसेल ते बटण दाबत सुटतो. समोर दुसरा नवखा असेल तर जिंकतोही, आणि आपल्याला खेळ आला असे समजतो. मग एखादा जाणता भेटतो व अर्ध्या मिनिटात त्याला लोळवतो. इथे दोन वाटा फुटतात. एक मुलगा कंट्रोलर आदळून म्हणतो, ‘हा खेळच फालतू आहे.’ दुसरा विचारतो, ‘मला कशाने मारले?’ शिकणे सुरू होते ते या दुसऱ्या प्रश्नापासून.

पहिला धडा असा की पात्र एकच निवडावे आणि ते धरून राहावे. ‘स्ट्रीट फायटर’मध्ये बहुतेकांना ‘र्‍यू’पासून सुरुवात करायला सांगतात. त्याच्याकडे दुरून फेकायचा अग्निगोल आहे, उडी मारून येणाऱ्याला खाली पाडणारा ठोसा आहे, आणि या दोन गोष्टींत निम्मा खेळ समजतो.

दुसरा धडा उडीचा. नवखा सारखा उड्या मारतो. हवेत गेलेल्याला स्वतःला वाचवणे अवघड असते, आणि जाणता खालून वाट पाहतच असतो. म्हणून अनुभवी खेळाडू नव्या मुलाला सांगतात, ‘आधी पाय जमिनीवर ठेव.’ हे वाक्य खेळाबाहेरही उपयोगी आहे, हे वाचकांना सांगायला नको.

तिसरा धडा बचावाचा. मागची दिशा धरली की वार अडतो. पण खालची लाथ बसून अडवावी लागते आणि वरून उडी मारून येणारा वार उभे राहून. नुसते अडवत बसणाऱ्यालाही मोकळीक नाही, कारण प्रतिस्पर्धी जवळ येऊन त्याला पकडून आपटतो. वाराला अडवणे भारी, अडवण्याला पकडणे भारी आणि पकडायला येणाऱ्याला वार भारी. आपल्या मुलांच्या दगड-कागद-कात्रीसारखेच हे आहे. एकच युक्ती सर्वत्र चालत नाही, समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखावे लागते.

चौथा धडा काळाचा. या खेळात एका सेकंदाचे ६० भाग केलेले असतात. एका भागाला फ्रेम म्हणतात. प्रत्येक वाराला सुरू व्हायला काही फ्रेम लागतात, लागायला काही आणि हात मागे घेऊन सावरायला काही. जोरदार वार बहुधा सावरायला जास्त वेळ घेतो. तो अडवला गेला की मारणारा क्षणभर उघडा पडतो, आणि तो क्षण आपला. रागाने मोठमोठे वार करणारा का हरतो, याचा हा हिशेब आहे. एका वारातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा अशी साखळी लावायची, तिला कॉम्बो म्हणतात. नवख्यांना तिचे फार आकर्षण. पण जाणते सांगतात की उडी रोखता येत नसेल, अडवता येत नसेल, तर साखळी पाठ करून उपयोग नाही. पाया आधी, कळस नंतर.

पराभवाचा जमाखर्च

आम्ही कारकुनी करणारी माणसे. जमा काय, खर्च काय, हे लिहिल्याशिवाय आम्हांला झोप येत नाही. या खेळातील चांगले विद्यार्थीही तेच करतात. हरलेला सामना पुन्हा पडद्यावर पाहतात. कोणत्या वाराने पट्टी किती घटली, तोच वार किती वेळा लागला, हे वहीत टिपतात. दुसऱ्या दिवशीचे ध्येय जिंकण्याचे नसते. ‘आज दहा सामन्यांत समोरच्याची प्रत्येक उडी रोखायची’, एवढेच असते. दहाही सामने हरले आणि उड्या मात्र रोखल्या, तर तो दिवस जमेच्या बाजूला. हा सम्यक व्यायाम नव्हे तर काय? आणि खेळताना आपण घाबरून कोणते बटण दाबतो हे स्वतःच पकडणे, यात सम्यक स्मृतीचाही थोडा अंश आहे.

नवख्यांची आणखी एक खोड असते. ‘पकडून आपटणे ही फसवणूक’, ‘तीच लाथ पुन्हा पुन्हा मारणे हा रडीचा डाव’, असे नियम ते मनानेच करतात. खेळाच्या नियमांत तसे काहीच नसते. हे बंधन त्याने स्वतःच स्वतःवर घातलेले असते, आणि त्यामुळे त्या लाथेवरचा उपाय तो कधी शोधत नाही. जी रूढी कोणी लिहिली नाही ती पाळत बसणे आणि हरण्याचे खापर दुसऱ्यावर फोडणे, हा रोग आमच्या समाजाला नवा नाही.

ज्ञान कोंडले की सडते

पूर्वी यंत्रांच्या जमान्यात काही खेळाडू आपल्या युक्त्या लपवून ठेवीत. आज चित्र पालटले आहे. २०२३ साली आलेल्या ‘स्ट्रीट फायटर ६’ मध्ये सरावाची वेगळी खोलीच आहे. कोणता वार किती फ्रेमचा, हे तिथे पट्टीवर मोजून दिसते. बोटांची कसरत न जमणाऱ्यांसाठी ‘मॉडर्न’ नावाची सोपी पद्धत आहे. तीत अवघड वार एका बटणावर निघतो, मात्र त्याची ताकद थोडी कमी असते. २०२४ च्या ‘टेक्कन ८’ मध्ये हरलेला सामना पुन्हा पाहताना, ‘इथे तुला हा वार करता आला असता’, असे खेळच सांगतो. यापलीकडे रीत अशी की सामना संपल्यावर हरणाऱ्याने विचारावे आणि जिंकणाऱ्याने सांगावे. कारण सराव द्यायला तोलाचा गडी लागतो. शेजारी दुबळा राहिला तर आपलाही खेळ वाढत नाही.

याचा सर्वांत मोठा दाखला लाहोरचा आहे. पाकिस्तानातील या शहरात मुले गल्लीतील यंत्रांवर एकमेकांशी ‘टेक्कन’ खेळत वाढली. जगाला त्यांची फारशी खबर नव्हती. त्यांच्यातील अर्सलान ऐश हा तरुण व्हिसाच्या अडचणींतून वाट काढत २०१९ च्या फेब्रुवारीत जपानच्या फुकुओकाला पोहोचला आणि इव्हो जपान जिंकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने लास वेगासची मुख्य इव्होही जिंकली. माझ्या देशात माझ्या तोडीचे आणखी पुष्कळ आहेत, असे तो सांगत राहिला. ते खरे आहे का, हे पाहायला कोरियाचा ‘नी’ नावाने ओळखला जाणारा दिग्गज खेळाडू त्याच वर्षी पाकिस्तानात गेला आणि तिथल्या मुलांबरोबर खेळला. नावाजलेला खेळाडू शिकायला अनोळखी मुलांच्या दारी गेला! पुढे त्याच मातीतील आतिफ बट याने २०२२ च्या टेक्कन वर्ल्ड टूरची अंतिम स्पर्धा जिंकली. अर्सलानने २०२३ आणि २०२४ साली पुन्हा इव्हो जिंकली. एकटा हुशार निघाला असता तर त्याला योगायोग म्हणता आले असते. एका पाठोपाठ दुसरा निघतो, तेव्हा त्यामागे शिकवणारा समूह असतो.

आम्हांला इथे एकलव्य आठवतो. गुरूने दार लावले, तरी पोरगा स्वतः शिकला, आणि शिकला म्हणून त्याचा अंगठा मागितला गेला. ज्ञान कोंडून ठेवणारी व्यवस्था आपल्या पूर्वजांनी सोसली आहे. म्हणूनच हरवणाऱ्याने हरलेल्याला शिकवावे, ही रीत कुठेही दिसली तरी आपण तिची कदर केली पाहिजे.

ना वयाची अट, ना शरीराची

जपानचा दाइगो उमेहारा हा या खेळातील मोठा माणूस. २००४ च्या इव्होत त्याच्या पात्राची ताकद जवळजवळ संपली होती. प्रतिस्पर्धी जस्टिन वाँगने सोडलेल्या लाथांच्या माऱ्यातील एकेक लाथ त्याने अचूक क्षणी परतवली आणि तो सामना फिरवला. ती चित्रफीत आजही नव्या मुलांना दाखवतात. पण त्या वर्षीची स्पर्धा दाइगो जिंकला नव्हता. अंतिम सामन्यात तो हरला होता. पुढे काही काळ खेळ सोडून त्याने वृद्धांच्या शुश्रूषेचे कामही केले, आणि मग तो परत आला.

अमेरिकेतील टेक्सासचा माइक बेगम जन्मापासून हातापायांनी अपंग होता. तो तोंडाने आणि चेहऱ्याने कंट्रोलर चालवी आणि धडधाकट खेळाडूंना हरवी. २०२४ साली तो गेला, पण त्याच्याकडून शिकलेले अनेकजण मागे आहेत. २०२३ साली चीनमधील हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ‘स्ट्रीट फायटर’ला पदकाचा मान होता. सुवर्णपदक मिळवले दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू याने, वयाच्या ४४ व्या वर्षी. भारताकडून अयान बिस्वास आणि मयंक प्रजापती उतरले होते. त्यांना पदक मिळाले नाही, पण दार उघडले आहे.

आईबापांसाठी चार गोष्टी

पहिली गोष्ट वयाची. सगळे मारामारीचे खेळ सारखे नाहीत. १९९२ च्या ‘मॉर्टल काँबॅट’मधील रक्तपातावरून अमेरिकेच्या सिनेटमध्ये चर्चा झाली आणि १९९४ पासून तिथे खेळांवर वयाची खूण छापू लागले. ‘स्ट्रीट फायटर ६’ आणि ‘टेक्कन ८’ तेरा वर्षांवरील मुलांसाठी आहेत, ‘मॉर्टल काँबॅट’ सतरावरील. ती खूण वाचूनच खेळ घरात आणावा.

दुसरी गोष्ट पैशाची. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन डाव वेगळे आणि हे खेळ वेगळे. पैशांच्या डावांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली, आणि ई-स्पोर्ट्सना स्वतंत्र मान्यता दिली. मुलगा नेमके काय खेळतो ते शेजारी बसून पाहा. आणि कर्ज काढून महागडे यंत्र घेऊ नका. चार घरांनी मिळून एक घेतले, तर खर्च वाचेल आणि समोर बसणारा गडीही मिळेल.

तिसरी गोष्ट मुलींची. भावाच्या हातात कंट्रोलर आणि बहिणीच्या हातात लाटणे, ही वाटणी आपल्या घरात नको. तिलाही एक डाव द्या.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मूल हरल्यावर काय करते, यावर नजर ठेवा. आमच्या वस्त्यांतील किती मुले गणितात एकदा नापास झाली आणि ‘हे आपल्याला जमणारे नाही’ म्हणून शाळेबाहेर पडली! त्यांना कोणी विचारले नाही की बाळा, नेमके कुठे अडले? घरात आधी कोणी शिकलेले नसले की चुकण्याची लाज दुप्पट वाटते आणि विचारण्याची भीती चौपट. पडद्यावर दहा वेळा हरून अकराव्यांदा ‘मला कशाने मारले?’ म्हणणाऱ्या मुलाला हाच प्रश्न चुकलेल्या उदाहरणालाही विचारता येतो. तो तसा विचारायला आपण त्याला शिकवले पाहिजे. खेळाची वेळ ठरवून द्या, तासाच्या वर नको. पण त्या तासानंतर ‘जिंकलास का?’ असे विचारू नका. ‘आज काय शिकलास?’ असे विचारा.

बाबासाहेबांनी आपल्या हाती दिलेले पहिले शस्त्र शिक्षणाचे. ते चालवायला हरण्याची लाज टाकावी लागते आणि जिंकल्यावर मागच्याला हात द्यावा लागतो. आपली मुले दोन्ही शिकोत.

जयभीम!