पाताळगंगेला उन्हाळ्यात पाणी कुठून येतं?

मे महिन्यात खोपोलीच्या आसपासचे ओढे दगडगोटे उघडे टाकून पडलेले असतात आणि पाताळगंगा मात्र वाहत असते. 'आमची नदी बारमाही,' असं इथे कौतुकानं सांगतात.

बारमाही आहे हे खरं. पण ती निसर्गतः तशी आहे, हा गैरसमज. जरा घाटाकडे मान वर करा. डोंगर उतरून आलेले जाडजूड नळ दिसतील. वळवण, लोणावळा, शिरोता या घाटमाथ्यावरच्या तलावांतलं पाणी त्यांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोसळतं, टाटांच्या वीजघरातली चाकं फिरवतं आणि मग पाताळगंगेत सुटतं. हे १९१५ पासून चालू आहे. ती वीज मुंबईच्या कापडगिरण्यांसाठी होती. पावसाळ्यात नदीला स्वतःचं पाणी असतं. उन्हाळ्यात मात्र किती वीज बनतेय, त्यावर तिची पातळी ठरते.

वळवणचं धरण इंद्रायणीवर आहे. तिथे अडलं नसतं, तर ते पाणी देहू-आळंदीवरून भीमेत, पुढे कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात गेलं असतं. आता ते धरमतरच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं. सह्याद्रीचा माथा पाणी दोन समुद्रांत वाटतो, हे आपण शाळेत पाठ केलेलं. इथे ती वाटणी माणसानं बदलली आणि तिच्या जोरावर रसायनीचे कारखाने उभे राहिले.

जलविद्युत म्हणजे कुणाचं काही न जाता मिळालेली वीज, असंही समजलं जातं. मुळशीत विचारा. तिथल्या धरणात मावळ्यांची भातखाचरं बुडणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण झालंच. त्याचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत उतरतं. कोलाडला पर्यटक राफ्टिंग करतात ते याच पाण्यावर. इंजिनिअर मेगावॉट मोजेल, भूगोलवाला खोरी मोजेल. बुडालेली खाचरं मोजायला इतिहासाकडेच जावं लागतं.

आणखी एक समज शिकलेल्यांत फार: जंगल वाचवायचं तर त्यातला माणूस बाहेर काढावा. कर्जत-खालापुरातल्या कातकऱ्यांचं नावच कातावरून पडलं. खैराचा गाभा उकळून कात काढणं हा त्यांचा जुना धंदा. १८७८ च्या वन कायद्यानं सरकारी राखीव जंगलांचा फास आवळला, तशी खैराला कुऱ्हाड लावणं हा गुन्हा ठरत गेला. मग कोळसाभट्ट्या आल्या, मग वीटभट्ट्या. आजही दिवाळीनंतर कितीतरी वाड्यांतल्या झोपड्यांना कुलपं लागतात. मुलाबाळांसकट माणसं भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी भातलावणीला परततात.