बलवान प्रतिस्पर्ध्यासमोर पट मांडताना

जुलै 2025 मध्ये जॉर्जिया देशातील बातुमी येथे महिलांची विश्वचषक बुद्धिबळ स्पर्धा झाली. नागपूरच्या दिव्या देशमुखला तीत पंधरावे मानांकन होते आणि ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्या खात्यात नव्हता. चीनची झू जिनेर, आपली द्रोणवल्ली हरिका, माजी जगज्जेती तान झोंगयी अशा एकीहून एक मातब्बर खेळाडूंना मागे सारून ती अंतिम फेरीत पोहोचली. तेथे दोन वेळा जागतिक जलदगती विजेतेपद मिळविणारी कोनेरू हंपी तिच्यासमोर होती. पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. जलदगतीचा पहिला डावही बरोबरीतच गेला आणि दुसऱ्यात काळी मोहरी घेऊन दिव्याने विजय मिळविला. या विजेतेपदामुळे एकोणिसाव्या वर्षी तिला ग्रँडमास्टर किताब थेट प्राप्त झाला.

या यशाचे कौतुक सर्वत्र झाले, ते योग्यच होते. तथापि आपल्या गावोगावच्या शाळांतून पट मांडून बसणाऱ्या मुलांच्या दृष्टीने त्यातील एक प्रश्न अधिक मोलाचा आहे : आपल्याहून श्रेष्ठ खेळाडूसमोर बसावे कसे? तालुक्याच्या एका स्पर्धेत पहिल्या फेरीची जोडी फलकावर लागताच एक मुलगा घरी परत निघालेला प्रस्तुत लेखकाने पाहिला आहे. समोर गतवर्षीचा विजेता होता. "हरायचेच तर बसायचे कशाला?" हे त्याचे उत्तर. सोबतच्या शिक्षकांनाही ते पटल्यासारखे दिसले.

वस्तुतः अशी जोडी लागणे हा दुर्दैवाचा भाग नाही. बहुतेक स्पर्धा आज स्विस पद्धतीने होतात. त्यात खेळाडूंची गुणांकनानुसार यादी करून तिचे दोन भाग पाडतात. चाळीस खेळाडू असतील तर पहिल्याची गाठ एकविसाव्याशी, दुसऱ्याची बाविसाव्याशी पडते. म्हणजे खालच्या अर्ध्या यादीला पहिल्या फेरीत बलवान प्रतिस्पर्धी मिळणारच. हरणारा मात्र स्पर्धेबाहेर जात नाही. पुढील फेरीत त्याला साधारण समान गुणांचा जोडीदार मिळतो. लहान गावातील मुलाला एरवी आपल्याहून सरस खेळाडू वर्षभर भेटत नाही. ती पहिली फेरी त्याच्या वाट्याला आलेली शिकवणीच होय, आणि तीच तो सोडून जात होता.

गुणांकनाचे गणितही दुर्बळाच्या विरुद्ध नाही. आर्पाद एलो यांची ही पद्धत आंतरराष्ट्रीय महासंघाने 1970 मध्ये स्वीकारली. दोन खेळाडूंत 200 गुणांचे अंतर असेल तर खालच्याने दहा डावांत सुमारे अडीच गुण मिळवावेत, अशी तिची अपेक्षा असते. गुणक 20 धरल्यास असा खेळाडू हरला तर जेमतेम पाच गुण गमावतो, बरोबरी साधली तर पाच मिळवितो आणि जिंकला तर पंधरा. धोका खरा असतो तो वरच्याला.

आता प्रत्यक्ष खेळाविषयी. भ्यालेला खेळाडू सहसा एकच युक्ती योजतो : दिसेल तो मोहरा मारून अदलाबदल करावी, पट रिकामा करावा, म्हणजे बरोबरी होईल. ही समजूत मोठी घातक आहे. मोहरे कमी झाले की उरते ते अंतिम पर्वाचे ज्ञान, आणि अनुभवी खेळाडूचे खरे बळ तेथेच असते. उलट पट भरलेला असताना त्यालाही प्रत्येक चाल हिशेबानेच करावी लागते, घड्याळ त्याचेही चालूच असते. यास्तव प्रारंभ आपल्या नेहमीच्या सवयीचा करावा, राजाला लवकर किल्लेकोटात न्यावे आणि जेथे दोघांनाही विचार करावा लागेल अशी स्थिती टिकवून धरावी.

मात्र अंतिम पर्वातील काही बरोबऱ्या पाठ असाव्यात, कारण हरत आलेला डाव त्या वाचवितात. समजा, प्रतिस्पर्ध्याजवळ एक उंट आणि पटाच्या अगदी कडेचे एक प्यादे उरले आहे. आपल्याजवळ केवळ राजा. प्यादे ज्या कोपऱ्याच्या घरात वजीर होणार त्या घराचा रंग उंटाच्या रंगाहून भिन्न असेल, तर आपला राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला की डाव बरोबरीत सुटतो. उंट त्या घरावर कधीच जोर देऊ शकत नाही आणि राजाने फार जवळ येऊन कोंडले तर आपल्याला चालच उरत नाही; शह नसता चाल खुंटली म्हणजे बरोबरी. पटावर एवढे दाखविण्यास शिक्षकाला दहा मिनिटे पुरतात.

बलवानासमोर बसण्याचा हक्कही कधी कधी झगडून मिळवावा लागला आहे. 1976 मध्ये मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा तिच्या सहभागालाच हरकत घेण्यात आली. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. अखेर आंतरराष्ट्रीय महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूव यांनी स्त्रियांना अशा स्पर्धांची दारे बंद करता येणार नाहीत, असा निर्णय दिला. पुढे 1981 मध्ये रोहिणी आशियाई महिला विजेती झाली. शालेय स्पर्धांत मुलींचे पट वेगळ्या खोलीत मांडण्याची सोय जे संयोजक अद्याप करतात, त्यांनी हा इतिहास अवश्य पाहावा.

राहता राहिली पराभवानंतरची घटका. चालींची नोंद हाती असेल तर डाव संपल्यावर जिंकलेल्या खेळाडूलाच विनंती करावी, "माझी पहिली चूक कोठे झाली, सांगाल का?" बहुतेक चांगले खेळाडू आनंदाने पुन्हा पट मांडतात. हरणाऱ्याला वाटते शेवटी घोडा गमावल्याने डाव गेला. समोरचा दाखवितो की घोडा पडण्यापूर्वी आठ चाली आधी पुढे ढकललेल्या एका प्याद्याने तो केव्हाच गेला होता. ती चाल वहीत लाल शाईने अधोरेखित करून, तारीख घालून ठेवावी.