विश्लेषण : प्रेम, खून आणि सरकारी वकील… नानावटी खटल्यात मृताची बाजू कोणी मांडली? आज नंदुरबारमध्ये ती कोण मांडतो?

‘रुस्तम’ चित्रपटात नायक निर्दोष सुटतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. ज्या खटल्यावरून हा चित्रपट सुचला, त्या नानावटी प्रकरणात मात्र आरोपीला जन्मठेप झाली होती. अख्खी मुंबई आरोपीच्या बाजूने असताना हे घडले कसे? आणि खुनाच्या खटल्यात सरकारी वकील नेमका कोणाचा असतो?

प्रकरण काय होते?

नौदलातील कमांडर कावस नानावटी, त्यांची इंग्लंडमध्ये जन्मलेली पत्नी सिल्व्हिया आणि कुटुंबाचे मित्र असलेले मोटार व्यावसायिक प्रेम आहुजा, ही या प्रकरणातील तीन पात्रे. २७ एप्रिल १९५९ रोजी सिल्व्हिया यांनी आहुजांशी असलेल्या प्रेमसंबंधांची कबुली पतीकडे दिली. त्यानंतर नानावटींनी पत्नी आणि मुलांना मेट्रो सिनेमागृहात सोडले. तेथून ते आपल्या जहाजावर गेले. रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचे आहे, असे कारण सांगून त्यांनी रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली. आहुजा कार्यालयात सापडले नाहीत, म्हणून ते त्यांच्या घरी गेले. शयनगृहात तीन गोळ्या झाडल्या गेल्या आणि नुकतेच अंघोळ करून आलेले आहुजा मरण पावले. नानावटी स्वतःहून पोलिसांकडे हजर झाले.

बचाव पक्षाचे म्हणणे होते की, ‘सिल्व्हियाशी लग्न करून मुलांना सांभाळणार का’, हे विचारायला नानावटी गेले होते. झटापट झाली आणि गोळ्या चुकून सुटल्या.

सरकारी वकिलांनी काय दाखवून दिले?

सत्र न्यायालयात सरकार पक्षाची बाजू सी. एम. त्रिवेदी यांनी मांडली. आहुजांच्या बहिणीच्या वतीने तरुण वकील राम जेठमलानी त्यांच्या मदतीला होते. प्रेमकथेच्या गदारोळात सरकार पक्षाचा भर साध्या गोष्टींवर होता :

• रिव्हॉल्व्हर खोटे कारण सांगून मिळवले होते.
• झटापट झाली म्हणावे, तर मृताच्या कमरेचा टॉवेल जागच्या जागी होता.
• गोळ्या चुकून सुटल्या, असे नानावटींनी घराबाहेर पडताना कोणालाही सांगितले नाही.
• घर सोडल्यापासून गोळीबारापर्यंत सुमारे तीन तास गेले होते.

यातला शेवटचा मुद्दा कळीचा ठरला. ‘गंभीर व आकस्मिक प्रक्षोभ’ असेल तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा मानता येतो. पण मधल्या वेळेत माणूस कुटुंबाला सिनेमाला सोडतो, जहाजावर जातो, शस्त्र घेतो. मग प्रक्षोभ ‘आकस्मिक’ कसा, असा हा प्रश्न होता.

मग ज्युरीने निर्दोष का ठरवले?

त्या काळी मुंबईत अशा खटल्यात नऊ सामान्य नागरिकांची ज्युरी निकाल देत असे. बाहेर वातावरण एकतर्फी होते. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उघडपणे उचलून धरली होती. एक देखणा, प्रामाणिक नौदल अधिकारी आणि त्याचा संसार मोडणारा श्रीमंत माणूस, अशी मांडणी घरोघरी पोहोचली होती. आपली बाजू सांगायला आहुजा नव्हते. ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी ‘निर्दोष’ असा कौल दिला.

सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांना हा कौल पटला नाही. कायद्यातील तरतुदीनुसार त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे सरकारतर्फे उभे राहिले ते पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड, जे पुढे १९७८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले.

उच्च न्यायालयाने पुरावा नव्याने तपासला आणि ११ मार्च १९६० रोजी नानावटींना खुनासाठी जन्मठेप सुनावली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. गोळ्या चुकून सुटल्या असे म्हणणाऱ्या आरोपीनेच ते सिद्ध करायचे असते, हे ज्युरीला नीट समजावले गेले नव्हते, असे न्यायालयाने म्हटले. तीन तासांत भानावर यायला पुरेसा वेळ होता, हेही मान्य केले.

पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली आणि हे कुटुंब कॅनडाला गेले. हा देशातला शेवटचा ज्युरी खटला, असे नेहमी सांगितले जाते. ते बरोबर नाही. त्यानंतरही काही वर्षे ज्युरी खटले चालले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत मात्र ज्युरीला जागा राहिली नाही.

आज नंदुरबारमध्ये खुनाचा खटला कोण लढवतो?

नानावटी खटला सुरू झाला, तेव्हा नंदुरबार हा पश्चिम खानदेश जिल्ह्यातला तालुका होता. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा होऊन तो जिल्हा झाला. आज नवापूर असो की धडगाव, खुनाचा खटला सत्र न्यायालयात चालतो आणि तो सरकारी वकिलानेच चालवायचा असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २४८ मध्येही हेच सांगितले आहे. त्यासाठी मृताच्या कुटुंबाला फी द्यावी लागत नाही.

सरकारी वकील होण्यासाठी किमान सात वर्षांची वकिली लागते. एखाद्या खटल्यापुरता नेमल्या जाणाऱ्या विशेष सरकारी वकिलासाठी ही अट दहा वर्षांची आहे. खानदेशला हे पद ओळखीचे झाले ते जळगावच्या उज्ज्वल निकम यांच्यामुळे. कसाब खटल्यात ते विशेष सरकारी वकील होते.

पण सरकारी वकील फिर्यादीचा खासगी वकील नसतो. काहीही करून शिक्षा मिळवणे हे त्याचे काम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या शिवकुमार विरुद्ध हुकमचंद प्रकरणात स्पष्ट केले. आरोपीच्या फायद्याची बाब समोर आली, तर तीही त्याने न्यायालयापुढे आणली पाहिजे. सिनेमातला सरकारी वकील सूडाने पेटलेला असतो. कायद्याला तो तसा नको आहे.

कुटुंबाच्या हातात काय आहे?

• आपला वकील देता येतो. मात्र तो सरकारी वकिलाच्या सूचनेनुसार काम करतो. साक्षीपुरावा संपल्यावर न्यायालयाच्या परवानगीने तो लेखी युक्तिवाद देऊ शकतो. स्वतंत्रपणे उलटतपासणी घेऊ शकत नाही.
• सरकारला खटला मागे घ्यायचा असेल, तर आता पीडित पक्षाचे म्हणणे ऐकल्याशिवाय न्यायालय परवानगी देऊ शकत नाही (कलम ३६०).
• आरोपी सुटला, तर मृताचे वारस स्वतः अपील करू शकतात (कलम ४१३). नंदुरबारचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जाते.
• साक्षीदाराला धमकी येत असेल, तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो.

जिल्ह्यात भाषेचा मुद्दाही मोठा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबारची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिली, पावरी, मावची बोलणारा साक्षीदार न्यायालयाच्या मराठीत अडखळला, तर त्याची साक्ष कच्ची वाटू शकते. आपल्या भाषेत साक्ष देण्याची आणि दुभाषा मिळण्याची सोय कायद्यात आहे. साक्षीला उभे राहण्याआधीच ही अडचण सरकारी वकिलाच्या कानावर घालावी.

नानावटी खटल्यात टॉवेल, काडतुसे आणि तीन तासांचा हिशेब कोणीतरी न्यायालयापुढे पुन्हा पुन्हा मांडला, म्हणून निकाल बदलला. आज ज्युरी नाही, पण मोबाइलवर आरोपी किंवा मृताचा निवाडा करणाऱ्या पोस्ट पहिल्या दिवसापासून फिरत असतात. न्यायालयात त्या चालत नाहीत. तेथे पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि आपल्या जबाबावर ठाम राहिलेला साक्षीदार लागतो. त्यामुळे तारखेला हजर राहणे आणि जबाबाची प्रत नीट वाचून घेणे, हे मृताच्या कुटुंबासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे.