न हरवलेला कुत्रा

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ लिहिला. राजाच्या करमणुकी सांगताना त्यात शिकारी कुत्र्यांनाही जागा मिळाली. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, मराठवाड्याच्या शेजारचं. जवळच्याच लातूर जिल्ह्यात कारवानी हे शिकारी कुत्रे आणि कानांवर लांब केस असलेले पश्मी अजून पाळले जातात. सोमेश्वराच्या कुत्र्यांचे हे थेट वंशज, असं म्हणायचा मोह मी आवरतो. पण सशामागे धावणारा लांब तोंडाचा, खोल छातीचा, नजरेने शिकार करणारा कुत्रा या मुलखाला परका नाही, एवढं नक्की.

युरोपात मात्र असे कितीतरी वाण संपले. आयर्लंडमधले लांडगे अठराव्या शतकात मारले गेले आणि लांडगेमार कुत्र्यांचं कामच उरलं नाही. १८६२ पासून कॅप्टन जॉर्ज ग्रॅहमने उरलेसुरले कुत्रे गोळा केले, त्यांच्यात स्कॉटिश डीअरहाउंड, ग्रेट डेन, बोर्झोई यांचं रक्त मिसळलं आणि आयरिश वुल्फहाउंड पुन्हा उभा केला. १८८५ मध्ये त्याचा क्लबही निघाला. जुना कुत्रा परत आला की जुन्या नावाचा नवा कुत्रा जन्मला, हा वाद मात्र मिटलेला नाही. मला दुसरं म्हणणं पटतं.

आपल्याकडे गोष्ट उलटी झाली. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच कारवानी कुत्र्याची जोडी पंचम जॉर्जला भेट दिली, असं सांगतात. तेव्हापासून तो ‘मुधोळ हाउंड’. आजही एक केनेल क्लब त्याला कॅरव्हान म्हणतो, दुसरा मुधोळ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पुढे सशाची शिकार गुन्हा ठरली. कुत्रा बेकार झाला, तरी मेला नाही. मग वेगाच्या हव्यासाने त्यात ग्रेहाउंड मिसळू लागले. ग्रॅहमने संकर केला तो हरवलेलं मिळवायला. इथे हातात असलेलंच संकराने पातळ होत गेलं.

२००५ मध्ये टपाल तिकिटावर मुधोळ झळकला, २०१६ मध्ये लष्कराने मेरठला त्याचं प्रशिक्षण सुरू केलं. मागणी वाढली, तशी भेसळही.

आमच्या नाशिक जिल्ह्यात निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्या फिरतो, म्हणून मळ्यावर कारवानी आणावा असं काहींना वाटतं. हा धावणारा गडी, बिबट्याला तोंड देणारा नव्हे. तरीही हवाच असेल, तर पिल्लाचे आई-बाप दोघेही स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत, आणि एकदा मोकळ्या रानात ते पळतात कसे तेही.