आठ वळणांची शर्यत : पॅरिस १९९७ आणि विल्सन किपकेटर

मध्यम पल्ल्याच्या शर्यतींमधील बहुतेक विश्वविक्रम अजिंक्यपद स्पर्धांमध्ये नव्हे, तर निमंत्रित धावपटूंच्या शर्यतींमध्ये नोंदले गेले आहेत. अशा शर्यतींत वेगनियंत्रक, म्हणजे ठरलेल्या गतीने पुढे धावून काही अंतरानंतर बाजूला होणारा धावपटू, नेमता येतो. अजिंक्यपदात मात्र प्रत्येक जण पदकासाठी उतरलेला असल्याने पुढे राहून वारा अंगावर घेण्यास कोणी सहसा धजत नाही. मोरोक्कोच्या हिशाम एल गेरूजने फेब्रुवारी १९९७ मध्ये श्टुटगार्ट येथे १५०० मीटरचा ३ मिनिटे ३१.१८ सेकंदांचा इनडोअर विश्वविक्रम केला. पुढच्याच महिन्यात पॅरिसमध्ये जागतिक विजेतेपद मिळवताना त्याला ३ मिनिटे ३५.३१ सेकंद लागले, आणि त्या शर्यतीची गरज तेवढीच होती. याच पॅरिसमध्ये ८०० मीटरची जी शर्यत झाली, ती या रीतीला छेद देणारी असल्याने तिचे महत्त्व केवळ आकड्यांपुरते राहत नाही.

पॅरिसमधील बर्सी येथील क्रीडागृहात ७ ते ९ मार्च १९९७ दरम्यान जागतिक इनडोअर अजिंक्यपद स्पर्धा पार पडली. त्या वेळी ८०० मीटरचा इनडोअर विक्रम १ मिनिट ४४.८४ सेकंदांचा होता. सेबॅस्टियन को याने १९८३ मध्ये इंग्लंडमधील कॉसफर्ड येथे नोंदवलेली १ मिनिट ४४.९१ सेकंदांची वेळ मागे टाकून सोल ऑलिंपिकचा विजेता, केनियाचा पॉल एरेंग याने १९८९ मध्ये बुडापेस्टच्या अजिंक्यपदात तो प्रस्थापित केला होता. म्हणजे या दोन महान धावपटूंमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागांचेच अंतर होते. डेन्मार्कतर्फे धावणाऱ्या विल्सन किपकेटरने ७ मार्च रोजी प्राथमिक फेरीतच १ मिनिट ४३.९६ सेकंदांची वेळ दिली आणि ९ मार्चच्या अंतिम फेरीत ती १ मिनिट ४२.६७ सेकंदांवर आणली. आठ वर्षे टिकलेल्या विक्रमातून तीन दिवसांत २.१७ सेकंद कमी झाले; किपकेटरच्या वेगाने हिशेब केल्यास हे अंतर सुमारे १७ मीटर भरते. रौप्यपदक मिळवणारा मोरोक्कोचा महजूब हैदा १ मिनिट ४५.७६ सेकंदांत, म्हणजे तीन सेकंदांहून अधिक काळाने, अंतिम रेषेवर पोहोचला.

या कामगिरीचे मोल समजण्यासाठी इनडोअर धावमार्गाची रचना लक्षात घ्यावी लागते. मैदानावरील धावमार्गाची एक फेरी ४०० मीटरची असते, तर छताखालील धावमार्गाची २०० मीटरची. त्यामुळे ८०० मीटरसाठी मैदानावर दोन फेऱ्या आणि चार वळणे, तर इनडोअरमध्ये चार फेऱ्या आणि आठ वळणे घ्यावी लागतात. मैदानावरील वळणाची त्रिज्या सुमारे ३६ मीटर असते आणि इनडोअरची सुमारे १७ मीटर. वेग तोच ठेवला, तर वळणावर शरीराला आतल्या बाजूस खेचणारे बल त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात वाढते, म्हणून इनडोअरमध्ये ते दुपटीहून अधिक होते. हा ताण कमी करण्यासाठी वळणे बाहेरच्या बाजूने उचललेली असतात; परंतु दहा अंशांचा उतार धरला, तरी किपकेटरच्या वेगाला लागणाऱ्या बलापैकी निम्म्याच्या आसपासच बल त्यातून मिळते आणि उरलेले घोटा, गुडघा व नितंब यांना पेलावे लागते. बंद जागेत वाऱ्याचा अडथळा नसतो, हा लाभ खरा. पण वळणांची किंमत तो पूर्णपणे भरून काढत नाही.

याच रचनेमुळे शर्यतीचे डावपेचही बदलतात. सुरुवातीची वळणे आपापल्या मार्गिकेत संपवून धावपटू आतल्या कडेला येतात, आणि त्यानंतर ज्याला पुढच्याला मागे टाकायचे आहे, त्याला एका वळणावर एक मीटर बाहेरून धावण्यासाठी तीन मीटरांहून अधिक जादा अंतर कापावे लागते. सरळ भाग आखूड असल्याने पुढे जाण्याची संधी क्षणात निसटते. आघाडी घेणाऱ्याला आतली कड आणि स्वतःची लय मिळते. मात्र वेग ठरवण्याचा भार त्याच्यावर पडतो आणि त्याचा अंदाज चुकला, तर शेवटच्या फेरीत पाय जड होतात. आघाडीवर राहूनही हा भार पेलण्याची किपकेटरची क्षमता असामान्य होती.

किपकेटरचा जन्म केनियात झाला. इटेन येथील सेंट पॅट्रिक्स शाळेत आयरिश धर्मबंधू कोल्म ओ'कॉनेल यांच्या मार्गदर्शनाखाली तो घडला आणि १९९० मध्ये शिक्षणासाठी कोपनहेगनला गेला. डेन्मार्ककडून खेळताना त्याने १९९५ मध्ये गॉथेनबर्ग येथे जागतिक विजेतेपद मिळवले. पण ऑलिंपिकसाठी असलेली नागरिकत्वाची अट पूर्ण न झाल्याने १९९६ च्या अटलांटा स्पर्धेला तो मुकला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिएती येथे त्याने १ मिनिट ४१.८३ सेकंदांची वेळ देऊन आपली योग्यता सिद्ध केली. पॅरिसनंतर त्याने १९९७ च्या उन्हाळ्यात को याच्या १९८१ मधील १ मिनिट ४१.७३ सेकंदांच्या मैदानी विक्रमाची आधी बरोबरी केली, मग झ्युरिक आणि कोलोन येथे तो दोनदा मोडून १ मिनिट ४१.११ सेकंदांपर्यंत नेला. ऑलिंपिक सुवर्णपदक मात्र त्याला कधीच लाभले नाही. सिडनीत रौप्य आणि अथेन्समध्ये कांस्यपदकावर त्याला समाधान मानावे लागले.

किपकेटरचा मैदानी विक्रम २०१० मध्ये डेव्हिड रुडिशाने मोडला. ओ'कॉनेल यांच्याच तालमीतील या धावपटूने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत वेगनियंत्रकाविना, सुरुवातीपासून आघाडीवर राहून, १ मिनिट ४०.९१ सेकंदांचा नवा विक्रम केला. पदक आणि विक्रम एकाच धावेत साधता येतात, हे पॅरिसच्या अवघड वळणांवर किपकेटरने पंधरा वर्षे आधीच दाखवून दिले होते. म्हणून पाव शतकाहून अधिक काळ अबाधित राहिलेली १ मिनिट ४२.६७ सेकंदांची ती वेळ विक्रमांच्या यादीतील एक नोंद म्हणून नव्हे, तर अजिंक्यपदाची शर्यत कशी धावता येते याचा एक मापदंड म्हणून अभ्यासली पाहिजे.